मेदपटल आणि भोवतीचे पाणी : पेशीपटलाच्या भौतिक वर्तनातील पाण्याच्या भूमिकेचे विवेचन

सारांश

पेशीपटलाचा अभ्यास करताना मेद आणि प्रथिने या घटकांवर भर दिला जातो. पटलाच्या दोन्ही बाजूंस असलेले पाणी मात्र केवळ माध्यम म्हणून गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात मेदद्विस्तराची निर्मिती, त्याचे प्रावस्था-संक्रमण, त्याची हालचाल, क्षार व परासरण यांना त्याने दिलेला प्रतिसाद आणि पाणी काढून घेतल्यावर होणारे त्याचे रूपांतर यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे. पाणी हा पटलाचा परिसर नसून त्याच्या रचनेचा व वर्तनाचा घटक आहे, हे या विवेचनातून स्पष्ट होते. लिपोसोमयुक्त औषधांच्या उदाहरणावरून या जाणिवेचे व्यावहारिक महत्त्वही दाखविले आहे.

बीजसंज्ञा : मेदद्विस्तर, जलविरोधी परिणाम, सजलन, प्रावस्था-संक्रमण, परासरण, लिपोसोम.

प्रस्तावना

पदवी स्तरावरील जीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत पेशीपटलाची एक परिचित आकृती आढळते. गोल शिर आणि दोन शेपट्या असलेले मेदरेणू दोन ओळींत समोरासमोर उभे असतात व त्यांच्यात अधूनमधून प्रथिने रुतलेली असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या द्रव-कुट्टिम प्रतिकृतीवर ही आकृती आधारलेली आहे. आकृतीच्या वर आणि खाली मात्र कोरा कागद असतो. प्रत्यक्षात त्या कोऱ्या जागी पाणी असते, आणि आकृतीतील प्रत्येक रेषा त्या पाण्यामुळेच तेथे टिकून असते.

हा कोरा भाग विद्यार्थ्याच्या मनात एक चुकीची कल्पना रुजवतो. पटल ही स्वयंपूर्ण वस्तू आहे आणि ती पाण्यात ‘ठेवलेली’ आहे, असे त्याला वाटू लागते. भांड्यात ठेवलेला दगड भांड्यातील पाणी काढून घेतले तरी दगडच राहतो. मेदपटलाचे तसे नाही. पाणी काढले की पटलाचा वितळणबिंदू, मऊपणा आणि अभेद्यता हे सर्वच बदलते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांच्या सीमेवरचा हा प्रश्न असल्याने त्याची एकत्रित मांडणी उपयुक्त ठरते.

उद्दिष्टे

१) मेदद्विस्तराच्या निर्मितीत पाण्याचा वाटा स्पष्ट करणे.
२) पटलाच्या भौतिक गुणधर्मांवर होणाऱ्या पाण्याच्या परिणामांचे विवेचन करणे.
३) पाणी काढून घेणे व परत देणे या क्रियांचे व्यावहारिक परिणाम मांडणे.

१. द्विस्तर घडविणारे पाणी

तेल पाण्यावर पसरते या साध्या निरीक्षणातून या विषयाचा आरंभ झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळील क्लॅपहॅम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतले असता सुमारे अर्धा एकर पृष्ठभाग शांत झाल्याची नोंद १७७४ मध्ये प्रसिद्ध केली. पाच मिलिलिटर तेल दोन हजार चौरस मीटरवर पसरले असे धरल्यास थराची जाडी सुमारे अडीच नॅनोमीटर येते, म्हणजे जवळजवळ एका रेणूच्या लांबीएवढी. हा हिशेब फ्रँकलिन यांनी केला नव्हता. रेणूच्या आकाराची कल्पना त्या काळी उपलब्ध नव्हती. पुढे अ‍ॅग्नेस पॉकेल्स या जर्मन महिलेने घरीच साध्या साधनांनी पृष्ठताणाचे प्रयोग केले व ते १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये अशा थरांतील रेणूंची मांडणी स्पष्ट केली. या परंपरेचा लाभ घेऊन गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील मेद विलग करून पाण्यावर पसरविला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठफळाच्या सुमारे दुप्पट भरले, आणि पटल दोन थरांचे असावे असा निष्कर्ष निघाला. त्यांच्या मापनात दोन चुका होत्या : मेद पूर्णपणे निघाला नव्हता आणि पेशींचे पृष्ठफळही कमी धरले गेले होते. परंतु या चुकांनी एकमेकींची भरपाई केली व निष्कर्ष योग्य ठरला.

मेदरेणू दोन थरांत का मांडले जातात? शेपट्या एकमेकींना तीव्रतेने आकर्षित करतात, असे उत्तर अनेकदा दिले जाते. खरे कारण मुख्यतः पाण्याकडे आहे. पाण्याचे रेणू आपापसांत हायड्रोजन बंधांचे सतत बदलते जाळे विणतात. हायड्रोकार्बन साखळी या जाळ्यात सहभागी होऊ शकत नाही. तिच्या भोवतीच्या जलरेणूंना आपले बंध टिकविण्यासाठी मर्यादित दिशांनीच वळावे लागते, आणि सामान्य तापमानाला त्यांची एन्ट्रॉपी घटते. साखळ्या एकत्र आल्या की पाण्याला उघडा पडणारा पृष्ठभाग कमी होतो व जलरेणू पुन्हा मोकळे होतात. कॉझमन यांनी १९५९ मध्ये प्रथिनांच्या संदर्भात ही कल्पना प्रभावीपणे मांडली. टॅनफर्ड यांनी १९७३ मधील ग्रंथात तिचा मेदपटलांपर्यंत विस्तार केला. साखळीभोवतीच्या पाण्याची रचना बर्फासारखी असते, ही जुनी उपमा मात्र आज शब्दशः घेतली जात नाही.

या परिणामाची ताकद एका आकड्यावरून कळते. डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन या अभ्यासात वारंवार वापरल्या जाणाऱ्या मेदाचे (यापुढे ‘डीपीपीसी’) सुटे रेणू पाण्यात प्रतिलिटर सुमारे १०⁻¹⁰ मोल इतकेच राहू शकतात. उरलेले सर्व एकत्र येऊन पटले बनवितात. पटलातील रेणूंना जोडणारा एकही सहसंयुज बंध नाही. पटल टिकून राहते ते भोवतीच्या पाण्यामुळे.

२. शिराभोवतीचे पाणी : सजलन

साखळ्या पाण्यापासून दूर जातात, तर फॉस्फेट व अमोनियम गट असलेले ध्रुवीय शिर पाणी धरून ठेवते. शिराशी असे पाणी बांधले जाणे म्हणजे सजलन होय. द्रव अवस्थेतील फॉस्फॅटिडिलकोलिनचा एक रेणू सुमारे २० ते ३० जलरेणू सामावून घेतो. त्यानंतर मिसळलेले पाणी पटलांबाहेर वेगळे राहते. त्यामुळे तेल आणि पाणी यांच्या सीमेसारखी तीक्ष्ण सीमा येथे नसते. सुमारे तीन नॅनोमीटर जाडीच्या कोरड्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंस शिरे व पाणी यांचे संमिश्र पट्टे असतात.

या पाण्याचा सर्वांत ठळक परिणाम दोन पटले जवळ आणताना दिसतो. रँड, पार्सेजियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात परासरण दाबाच्या साहाय्याने पटलांमधील पाणी थोडेथोडे काढून क्ष-किरणांनी त्यांतील अंतर मोजले. सुमारे दोन-तीन नॅनोमीटरच्या आत पटले एकमेकांना जोराने दूर ढकलतात, आणि हे प्रतिकर्षण दर ०.१ ते ०.३ नॅनोमीटरला सुमारे अडीच-तीन पटींनी वाढत जाते, असे आढळले. अगदी जवळच्या अंतरावर हजार वातावरणांहून अधिक दाब द्यावा लागतो. विद्युतप्रभार नसलेल्या पटलांतही हे बल आढळते. शिरांना चिकटलेले पाणी काढण्यासाठी लागणारे कार्य, हा त्याचा एक अर्थ. शिरांच्या हालचालीला पडणारा अडसर, हा दुसरा. या दोहोंचा वाटा किती याविषयी मतभेद असले, तरी व्यावहारिक निष्कर्ष निर्विवाद आहे. दोन पेशी किंवा दोन पुटिका सहजासहजी एकमेकींत मिसळत नाहीत, आणि चेतापेशीतील पुटिकांना पटलाशी एकरूप होण्यासाठी विशेष प्रथिनांची यंत्रणा लागते, यामागे या पाण्याचाही हात आहे.

३. प्रावस्था-संक्रमण

मेदपटलाच्या दोन प्रमुख अवस्था आहेत. कमी तापमानाला साखळ्या ताठ व दाटीने मांडलेल्या असतात. हिला जेल अवस्था म्हणतात. विशिष्ट तापमानाला साखळ्या ‘वितळतात’ आणि पटल द्रव होते. पूर्णपणे सजल डीपीपीसीमध्ये हे संक्रमण ४१ अंश सेल्सिअसला घडते. त्यावेळी प्रतिरेणू क्षेत्रफळ सुमारे ०.४८ वरून ०.६३ चौरस नॅनोमीटरपर्यंत वाढते व पटल पातळ होते.

हे तापमान केवळ साखळ्यांवर अवलंबून असते, असा समज होऊ शकतो. पण शेपट्या तंतोतंत त्याच ठेवून शिर बदलल्यास काय होते? कोलिनच्या जागी इथेनॉलअमाइन आले की वितळणबिंदू ४१ वरून ६३ अंशांवर जातो. इथेनॉलअमाइनचे शिर आकाराने लहान असून शेजारच्या शिरांशी थेट हायड्रोजन बंध जोडते व तुलनेने कमी पाणी धरते. कोलिनचे शिर अधिक पाणी धरते, शेजाऱ्यांपासून दूर राहते आणि साखळ्यांना हालचालीस जागा मिळते. शिराशी बांधलेले पाणी वंगणाचे काम करते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

४. पटलाची हालचाल आणि पाण्याची श्यानता

सूक्ष्मदर्शकाखाली तांबडी रक्तपेशी लुकलुकताना दिसते. ब्रोशार आणि लेनन यांनी १९७५ मध्ये दाखविले की ही पटलाची उष्णताजन्य थरथर असून तिचे स्पष्टीकरण पटलाची वाकण्याची स्थितिस्थापकता आणि भोवतीच्या द्रवाची श्यानता यांवरून करता येते. मेदद्विस्तर वाकविण्यास सुमारे १०⁻¹⁹ ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे सामान्य तापमानाच्या उष्णता-ऊर्जेच्या वीस-पंचवीस पट. त्यामुळे जलरेणूंच्या धक्क्यांनी पटल सतत किंचित हलत राहते. एक मायक्रोमीटर तरंगलांबीची लाट पाण्यात सुमारे ०.१६ मिलिसेकंदात विरते; दहा मायक्रोमीटरच्या लाटेला त्याच्या हजारपट वेळ लागतो. पाण्याऐवजी दुप्पट श्यानतेचा द्रव घेतल्यास हा काळ दुप्पट होतो. धक्का देणारे पाणीच आणि हालचाल रोखणारेही पाणीच.

पटलाच्या पातळीतील विसरणाची कथाही अशीच आहे. द्रव पटलातील मेदरेणू सुमारे एका सेकंदात दोन मायक्रोमीटर, म्हणजे एका जिवाणूच्या लांबीएवढे अंतर भटकत पार करतो. पटलाची अंतर्गत श्यानता पाण्याच्या शेकडो पट असल्याने येथे पाण्याचा प्रभाव नगण्य असावा, असे वाटते. परंतु सॅफमन आणि डेलब्रुक यांनी १९७५ मध्ये दाखविले की अमर्याद पसरलेल्या पातळ थराचा एकट्याचा विचार केल्यास त्यातील प्रथिनाच्या विसरणाचे गणित सुटतच नाही. उत्तर अनंत येते. पटलाने दोन्ही बाजूंच्या पाण्याला दिलेला संवेग हिशेबात घेतल्यावरच मर्यादित उत्तर मिळते. पाणी हिशेबात नसेल तर पटलाचे गणितही अपुरे राहते, याचे हे नेमके उदाहरण होय.

५. क्षार आणि परासरण

पटलाभोवतीचे पाणी शुद्ध नसते. प्रभारित मेदांचा विद्युत प्रभाव पाण्यातील आयन झाकून टाकतात. शरीरातील द्रवांइतक्या क्षारतेला हा प्रभाव सुमारे ०.८ नॅनोमीटरमध्ये ओसरतो. क्षार दीडशेपट कमी केल्यास तो सुमारे दहा नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो. कॅल्शियमचे आयन तर फॉस्फॅटिडिलसेरिनच्या शिरांना थेट बांधले जाऊन त्यांभोवतीचे पाणी बाहेर ढकलतात व पटल ताठ करतात.

पाणी स्वतः पटलातून सोडियम आयनांच्या सुमारे अब्जपट सहजतेने जाते. शिवाय अनेक पेशींत त्यासाठी अ‍ॅक्वापोरिन हे स्वतंत्र मार्ग असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. क्षार अडतात आणि पाणी जाते, त्यामुळे परासरण दाब निर्माण होतो. शरीराच्या तापमानाला रक्तद्रवातील सर्व विद्राव्यांचा एकूण परासरण दाब सुमारे साडेसात वातावरणांइतका भरतो. पटल वाकण्यास मऊ असले तरी ताणण्यास अत्यंत ताठ असते. क्षेत्रफळ अवघे तीन ते पाच टक्के वाढले की ते फाटते. तांबडी रक्तपेशी फुगू शकते ती पटल ताणले जाते म्हणून नव्हे, तर तिच्या चपट्या आकारात पटल शिल्लक असते म्हणून. सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर पटलात ९० घन मायक्रोमीटर आकारमान सामावलेले असते. त्याच पटलाचा गोल केल्यास सुमारे १५५ घन मायक्रोमीटर मावतात. त्यापुढे पेशी फुटते.

भारतात थॅलेसेमियाच्या वाहकांच्या प्राथमिक चाळणीसाठी वापरली जाणारी एकनलिका परासरण-भंगुरता चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. ०.३६ टक्के क्षारद्रावणात निरोगी व्यक्तीच्या बहुतांश रक्तपेशी फुटतात व द्रावण पारदर्शक होऊन नलिकेमागील काळी रेघ स्पष्ट दिसते. वाहकाच्या पेशी लहान असून त्यांच्यात आकारमानाच्या मानाने पटल अधिक असते; त्या पुष्कळ अंशी टिकतात, द्रावण गढूळ राहते आणि रेघ दिसत नाही. निदान पक्के करण्यासाठी हिमोग्लोबिनची तपासणी आवश्यक असली, तरी थोडे मीठ आणि पाणी यांवर ही पहिली पायरी उभी आहे.

६. पाणी काढून घेतल्यावर

५० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा साधारण कोरडी वाटते. उष्मागतिकीच्या हिशेबाने २५ अंशांना ती पाणी खेचून घेण्याबाबत सुमारे ९४० वातावरणांच्या परासरण दाबाइतकी समर्थ असते. अशा हवेत मेदपटलाच्या शिरांभोवतीचे पाणी निघू लागते, शिरे जवळ येतात, साखळ्या दाटतात. परिणामी डीपीपीसीचा वितळणबिंदू ४१ अंशांवरून वाढत जातो आणि पूर्ण कोरड्या स्थितीत शंभर अंशांच्याही वर पोहोचतो. जे पटल सजल असताना द्रव होते, ते वाळल्यावर त्याच तापमानाला जेल अवस्थेत जाते.

खरा धोका पाणी परत मिळताना उद्भवतो. कोरडे पटल ओले होताना जेलमधून द्रव अवस्थेत संक्रमण करते. या संक्रमणात दोन्ही अवस्थांच्या सीमेवर दोष निर्माण होतात व पेशीतील द्रव्ये झिरपून जातात. बेकरीत वापरले जाणारे कोरडे यीस्ट थंड पाण्याऐवजी कोमट पाण्यात भिजवितात, त्यामागील एक कारण हेच आहे. उष्णतेने पटल आधीच द्रव झाले, तर पाणी शिरताना ते संक्रमण टळते.

निसर्गाने यावर दुसराही उपाय शोधला आहे. वाळूनही जिवंत राहणाऱ्या अनेक जीवांत, उदाहरणार्थ यीस्ट व आर्टेमियाच्या कोशांत, ट्रेहॅलोज ही शर्करा मोठ्या प्रमाणावर साठते. जॉन क्रो, लॉईस क्रो आणि चॅपमन यांनी १९८४ मध्ये दाखविले की ट्रेहॅलोजसह वाळविलेली पटले आपली रचना व कार्य टिकवितात. शर्करेचे हायड्रॉक्सिल गट शिरांशी हायड्रोजन बंध जोडून पाण्याची जागा घेतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्या मतानुसार शर्करा काचेसारखी घट्ट होऊन पटलांना एकमेकांपासून दूर ठेवते व साखळ्यांवर येणारा दाब टाळते. दोन्ही स्पष्टीकरणे परस्परपूरक मानता येतात. दोहोंचा गाभा एकच आहे : पाण्याने केलेले काम पाणी नसताना कोणीतरी करावे लागते.

७. औषधाच्या कुपीतील पटल

अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखविले की कोरड्या फॉस्फोलिपिडवर पाणी घातले असता बंद पुटिका आपोआप तयार होतात. या पुटिका म्हणजेच लिपोसोम. त्यांचा औषधवाहक म्हणून उपयोग पुढे रूढ झाला. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाचा तीव्र तुटवडा निर्माण झाला. त्या काळात हे नाव घरोघरी पोहोचले. परंतु या कुपीत मेदपटल आहे आणि त्याचे भवितव्य पाण्यावर अवलंबून आहे, ही बाब क्वचितच सांगितली गेली.

या औषधाचा सर्वपरिचित प्रकार सुक्रोजसह गोठवून वाळविलेला असतो. शर्करेचे तेथील काम वर वर्णन केलेल्या ट्रेहॅलोजसारखेच आहे. भुकटी निर्जंतुक पाण्यातच मिसळावी लागते व पुढे ५ टक्के डेक्स्ट्रोजने विरल करावी लागते; सलाइन वापरण्यास स्पष्ट मनाई असते, कारण अवक्षेप तयार होण्याची शक्यता असते. या लिपोसोमांच्या पटलात ऋणप्रभारित मेद असतो. क्षारांमुळे प्रभार झाकला गेला की पुटिकांना दूर ठेवणारे बल क्षीण होते, हे तत्त्व येथे लक्षात घेण्याजोगे आहे. याउलट दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय यांच्या सहकार्याने १९९० च्या दशकात विकसित झालेल्या भारतीय प्रकारात लिपोसोम सलाइनमध्येच ठेवलेले असतात व वापरापूर्वी ध्वन्यातीत तरंगांनी विस्कळीत करावे लागतात. औषधी रेणू एकच. पटलाची घडण आणि भोवतीचे द्रावण वेगळे, म्हणून हाताळणीचे नियमही वेगळे. एका प्रकाराचा नियम दुसऱ्याला लावणे सर्वथा अयोग्य ठरते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. मेदद्विस्तर एकत्र ठेवण्याचे काम प्रामुख्याने पाणी करते. शिरांशी बांधलेले पाणी पटलाचा वितळणबिंदू, प्रतिरेणू क्षेत्रफळ आणि पटलांमधील अंतर ठरविते. दूरचे पाणी आपल्या श्यानतेने पटलाच्या हालचालीचा वेग ठरविते, तर त्यातील विद्राव्ये पटलावरील ताण आणि विद्युत प्रभाव ठरवितात. म्हणून एखाद्या पटलाचा गुणधर्म सांगताना त्यातील मेदाच्या नावाबरोबर तापमान, पाण्याचे प्रमाण आणि द्रावणाची घडण यांचाही उल्लेख होणे आवश्यक आहे. केवळ ‘डीपीपीसीचा वितळणबिंदू ४१ अंश’ हे विधान अपुरे आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. ऱ्हिओच्या पानाची साल तीव्र मिठाच्या द्रावणात ठेवून रसाकुंचन दाखविणे, बीटाचे काप निरनिराळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून रंग झिरपताना पाहणे, कोरडे यीस्ट थंड व कोमट पाण्यात भिजवून त्यांच्या आंबविण्याच्या वेगाची तुलना करणे, हे प्रयोग कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शक्य आहेत. पहिले दोन तर अनेक ठिकाणी पूर्वापार होतातच. त्यांचा पटल-भौतिकीशी असलेला संबंध तेवढा उलगडून सांगावयास हवा. आणि फळ्यावर पेशीपटलाची आकृती काढताना तिच्या वरच्या व खालच्या कोऱ्या जागेत जलरेणू काढण्यास फार तर अर्धा मिनिट लागेल.